पणजोबांच्या गोळीच्या बाटल्या आणि विहिरीतली बुडी

आमचे आबा, म्हणजे वडलांचे चुलते, आता ८७ वर्षांचे आहेत आणि त्यांनी ही गोष्ट मला लहानपणापासून पन्नासदा तरी सांगितली असंल. १९४८ च्या पावसाळ्यात त्यांच्या वडलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, सोडावॉटरच्या गोळीच्या बाटल्यांची, म्हणजे आत बूच म्हणून काचेची गोळी असते तसल्या बाटल्यांची, दोन खोकी रातोरात मळ्यातल्या विहिरीत सोडली. पणजोबांचा बाजारात सोड्याचा गाडा होता. रझाकारांचा काळ, रोज कुठून ना कुठून जाळपोळीची बातमी यायची, आणि दंगल पेटली की लोकांच्या हाताला आधी सोड्याच्या बाटल्या लागतात हे सगळ्यांना माहीत होतं, गॅस भरलेली बाटली फेकली की फुटताना काचा चौफेर उडतात. पणजोबांचं म्हणणं एकच होतं, माझ्या बाटलीनं कुणाचं डोकं फुटाय नको, मग ते कुणाचं का असंना. म्हणून खोकी कासऱ्यानं बांधून विहिरीत सोडली, वातावरण निवळलं की काढू म्हणून. १३ ते १७ सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम शरण आला, पण पणजोबा दिवाळीच्या आधीच तापानं गेले. गाडा विकला, कासरा कुजला, बाटल्या तिथंच राहिल्या.

आमचं गाव अंबड तालुक्यात, जालना जिल्हा. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे त्यामुळं विहिरी हा माझा रोजचाच धंदा, कुणाची मोटार जळाली कुणाची पाइपलाइन निसटली की मीच उतरतो. पोहायलाही मी ह्याच विहिरीत शिकलो, कमरेला पांगऱ्याचा बिंडा बांधून. मोटेच्या काळातली विहीर आहे, घडीव काळ्या दगडाची, एका बाजूला पायऱ्या, वर धाव, म्हणजे मोट ओढताना बैल चालायचे ती उतरण, आणि थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायची दगडी कुंडी, अजून शाबूत. ४५ फूट खोल आणि तोंड २० फुटांचं. आबा सांगतात १९७२ च्या दुष्काळात अर्धं गाव हिच्यावर जगलं आणि तेव्हासुद्धा तळाला दोन पुरुष पाणी होतं, म्हणजे बाटल्या पडल्यापासून ह्या विहिरीचा तळ कुणी बघितलेलाच नाही.

लोक लगेच म्हणतात की मग पाणी उपसून टाका आणि यारी, म्हणजे गाळ उचलायची क्रेन, लावून गाळ काढा, एका दिवसाचं काम. पण तसं करता येत नाही. एक तर आमच्या मोसंबीची सगळी भिस्त ह्याच पाण्यावर आहे, फेब्रुवारीत विहीर रिकामी केली तर एप्रिल-मेमध्ये बाग कशावर धरायची, ज्यानं उन्हाळ्यात टँकरनं मोसंबी जगवलीय त्यालाच ते कळंल. दुसरं म्हणजे जुनं दगडी बांधकाम, आतलं पाणी एकदम उतरवलं की मागच्या ओल्या मातीचा दाब कडेवर येतो आणि कडा ढासळते, असली एक विहीर मी डोळ्यांनी बघितलीय. आणि यारीचं लोखंडी टोपलं गाळात घातलं की काचेचा चुराच वर येणार. म्हणजे पाणी तसंच ठेवून खाली जायचं, आणि नुसती बुडी मारून २२ फूट पाण्याखालच्या गाळात बाटल्या शोधणं एका श्वासात होत नाही, मी लई वेळा करून बघितलंय, तळाला हात लागेपर्यंतच छाती भरून येते.

म्हणून मी तारकर्लीला जाऊन स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचं, शिकलो. चार दिवसांचा कोर्स, त्यात समुद्रात चार डाइव्ह, आणि पास झाल्यावर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी. शिकवणारा पोरगा मालवणचाच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पण मी त्याला सर म्हणायचो आणि अजूनही म्हणतो. पहिले दोन दिवस पाणी चांगलं होतं, मासे वगैरे सगळं दिसलं. तिसऱ्या दिवशी अवकाळी आला, कर्ली नदीनं गढूळ पाणी समुद्रात सोडलं आणि खाली स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसंनात. बाकीच्यांनी डाइव्ह रद्द केली, मी सरांना म्हणालो मला असल्याच पाण्यात शिकायचंय. त्यांनी कारण विचारलं, मी विहिरीचं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, मला एका दोरीला बांधलं आणि उथळ खडकापाशी घेऊन गेले. उतरायच्या आधी एवढंच म्हणाले, "डोळ्यांक इसार, हातान बघ." म्हणजे डोळे विसर, हातानं बघ.

तिथं मला पहिली बाटली सापडली. खडकाच्या कपारीत आडवी, अंगभर शंखशिंपले चिकटून इतकी खरबरीत झालेली की आधी दगडच वाटला, पण एका बाजूनं बोट आत गेलं आणि काचेचा गुळगुळीत काठ लागला. मी ती उचलणार तेवढ्यात सरांनी मनगट धरलं. वर आल्यावर सांगितलं की एक तर इथं सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासूनचं, इथून काहीच उचलायचं नाही, आणि दुसरं म्हणजे अशा बाटलीत बारका मासा नाहीतर ऑक्टोपसचं पिल्लू घर करून असतं. ते मला पटलं. बाटली कुठं पडलीय, कुणाच्या जागेत पडलीय, तिच्यात आता कोण राहतंय ह्याचा विचार हात घालायच्या आधी करायचा. आमची विहीर आमची, बाटल्या आमच्या पणजोबांच्या, म्हणून मी उतरलो. कुठल्या देवळाच्या बारवेत किंवा पुरातत्त्वच्या ताब्यातल्या जागेत मी पाय घालणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या पुढची वस्तू पुरावस्तू धरतात, हे जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं.

परत येतानाची एक गोष्ट देशावरच्या लोकांनी नीट ध्यानात ठेवा. डायव्हिंग करून विमानात बसू नये हे बऱ्याच जणांना माहीत असतं, एका डाइव्हनंतर १२ तास आणि रोज डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबायचं. पण आपल्याला समुद्रावरून घरी यायला घाट चढावा लागतो, आंबोली जवळजवळ ६९० मीटर उंच आहे. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, त्यात हवेचा दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसेच. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट असं करू नका. आम्ही एक रात्र जास्तीची काढली.

घरी आल्यावर सगळ्यात मोठी अडचण हवेची. इकडं श्वासाची हवा सिलिंडरमध्ये भरून मिळंना, मी बरीच फोनाफोनी केली. एकानं तर पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचं सुचवलं. तसं अजिबात करायचं नाही, त्या हवेत तेलाची वाफ असते, शेजारी इंजिन चालू असलं तर त्याचा धूरही आत जातो, आणि पाण्याखाली दाबात तोच विषारी वायू जास्त बाधतो. शेवटी सरच फेब्रुवारीत सुट्टी काढून आले, स्वतःच्या गाडीत चार भरलेले सिलिंडर आणि दोघांचं सामान घेऊन. पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हणाले की आयुष्यात मोसंबीची बाग बघितली नाही ती दाखवा.

तयारीला पूर्ण दिवस गेला आणि माझ्या मते खरं काम तेच होतं. आधी मोटारीचा स्टार्टर बंद केला, किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात टाकलं आणि डीपीवरूनही आमची लाइन तोडून घेतली, कारण पाण्यात माणूस आणि वर कुणीतरी सवयीनं बटन दाबलं तर संपलं. मग विहिरीतली हवा. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं विहिरीत गुदमरून माणसं जातात, एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. पाण्याची पातळी वरून २३ फूट खाली, म्हणजे जड वायू साठायला भरपूर जागा. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे पण ती पुरेशी नाही, काही विषारी वायूंत कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो. आम्ही लोहाराचा इलेक्ट्रिक ब्लोअर आणून चार इंची पाइपनं दोन तास खाली ताजी हवा सोडली, डिझेल इंजिन विहिरीच्या आसपाससुद्धा येऊ दिलं नाही, आणि पहिल्या पायरीपासूनच तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरच्या नळीचं श्वास घ्यायचं टोक, धरून सिलिंडरची हवा घेत उतरायचं ठरलं.

दोरीच्या खुणा अशा ठेवल्या. एक झटका म्हणजे बरंय, दोन म्हणजे दोरी सोड, तीन म्हणजे वर येतोय, चार किंवा जास्त म्हणजे मदत पाठवा. एका वेळी एकानंच पाण्यात जायचं, दुसऱ्यानं पूर्ण तयारीत शेवटच्या पायरीवर बसायचं. दोरी चुलतभाऊ बंडूच्या हातात. त्याला सरांनी तासभर सराव दिला आणि एकच गोष्ट दहादा बजावली, फोन खिशात ठेवायचा आणि कुणाशी बोलायचं नाही.

समुद्रात मला कमरेला ६ किलो शिसं लागायचं, इथं ४ किलोत भागलं, कारण खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं आणि माणसाला तेवढं जास्त वर उचलतं. शिवाय आमचा भाग समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास उंच, आणि ३०० मीटरच्या वरचं पाणी डायव्हिंगमध्ये उंचावरचं धरतात, किती वेळ खाली राहायचं त्याचे तक्ते वेगळे. आमची खोली सात मीटरसुद्धा नव्हती म्हणून फार फरक पडणार नव्हता, तरी सरांनी वेळा वेगळ्या काढल्या. मला ते आवडलं. मोटार दुरुस्तीतही मी तसाच आहे, चालतंय म्हणून सोडायचं नाही.

सकाळी नऊला मी उतरलो. वरचं पाच-सहा फूट पाणी हिरवट, उन्हाचा उजेड तिरपा आत येतो, कडेच्या दगडावर एक दिवड वेटोळं करून बसलेला, तो आपल्या वाटेनं गेला, बिनविषारी असतो. नाक दाबून कान मोकळे करत खाली गेलो, पहिल्या दोन-तीन मीटरलाच कान जास्त दुखतात म्हणून तिथं घाई करायची नाही. दहा फुटांनंतर तपकिरी, पंधरानंतर काळं. टॉर्च लावला तर धुळीच्या रस्त्यावर गाडीचे लाइट लावल्यासारखं झालं, समोर नुसता पांढरा पडदा. बंद करून टाकला. मग हाताला गाळ लागला, कोपरापर्यंत हात आत गेला तरी तळ नाही, आणि गाळातून बुडबुडे निघून मास्कवरून वर जायला लागले.

अशा अंधारात पहिली दोन-तीन मिनिटं अवघड असतात. वर कुठं खाली कुठं हे कळत नाही, आपल्याच श्वासाचा आवाज कानात भरतो, आणि मन म्हणतं चल वर. पण तोंडात हवा आहे, कमरेला दोरी आहे, दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपला भाऊ आहे. मी एक झटका दिला, वरून एक झटका आला. त्या एका झटक्यानं किती धीर येतो ते शब्दात सांगता येणार नाही. सरांनी शिकवलेलं मनात घोळत होतं, श्वास कधीच कोंडायचा नाही, कारण भरल्या छातीनं चार-पाच फूट जरी वर आलं तरी आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. हळू आत, हळू बाहेर.

शोधायची पद्धत अशी की विहिरीच्या मधोमध एक दगड सोडला होता, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी. पहिली गाठ धरून एक पूर्ण गोल फिरायचं, मग दुसरी गाठ, असं करत कडेपर्यंत. फिन्स हलवायच्या नाहीत, पोटावर सरकायचं आणि बोटं गाळात फिरवायची. पहिल्या बुडीत सापडलं ते म्हणजे एक चेपलेला तांब्या, मोटेचं लोखंडी कडं, बाभळीच्या फांद्या, विटा, आणि एक चपटी औषधाची बाटली जिच्या अंगावर डोसाच्या आडव्या रेघा बोटाला लागत होत्या. हळूहळू बोटांना ओळख पटत जाते, दगड खरबरीत, खापर कोरडं वाटतं, पत्रा कडेला करकरतो, आणि काच सगळ्यांत थंड आणि निसरडी. गेज वाचता येत नव्हतं म्हणून वेळ वरून बंडू मोजत होता, चाळीस मिनिटं झाली की तीन झटके.

दुपारच्या बुडीत मी अडकलो. जुन्या सबमर्सिबलची केबल कधीतरी कुणीतरी तोडून विहिरीतच सोडलेली, ती पाठीमागं सिलिंडरच्या व्हॉल्व्हला गुंतली. पुढं सरकायला गेलो तर कुणीतरी मागून धरल्यासारखं झालं. अंगाची पहिली ओढ गर्रकन वळायची असते, आणि वळलं की केबल आणखी गुंडाळते. मी थांबलो, चार श्वास मोजले, हात मागं नेऊन बघितला, पोचंना. मग चार झटके दिले. सर माझीच दोरी धरून खाली आले, त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला, तिथून पाठीवर गेला, आणि दोन मिनिटांत केबल सुटली. त्या दिवशी पुढं उतरायचं नाही असं मीच म्हणालो. संध्याकाळी गळ टाकून ती सगळी केबल वर ओढून काढली, साठ-सत्तर फूट निघाली. विहिरीत केबल, वायर, दोरखंड टाकून देणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, टाकू नका.

दुसऱ्या दिवशी उतरायच्या आधी आबा काठी टेकत धावेवर येऊन बसले. त्यांनी पहिल्यांदाच एक गोष्ट सांगितली जी आधी कधी सांगितली नव्हती, की खोकी पायऱ्यांवरून नाही तर मोटेच्या चाकावरून सोडली होती. म्हणजे ती थारोळ्याच्या बाजूला असणार, आणि आम्ही आदल्या दिवशी शोधत होतो पायऱ्यांच्या बाजूनं. मी घाईनं वेटबेल्ट बांधायला लागलो तर म्हणाले, "लेकरा, बाटल्या काय पळून जायल्यात का? सावकाश उतर."

थारोळ्याखाली कडेपासून दोन हातांवर आधी एक लोखंडी पट्टी लागली, गंजून पापुद्रे सुटलेली. खोक्याचं लाकूड बोटानं दाबलं की भिजलेल्या बिस्किटासारखं सुटत होतं. तिच्या खाली गाळात बोटं घातली आणि गोल बूड लागलं. हात वर सरकवत गेलो, आणि गळ्यापाशी दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखे खळगे. अंगठा एका खळग्यात, बोट दुसऱ्यात. डोळ्यांसमोर पूर्ण काळोख होता आणि मला ती बाटली लख्ख दिसत होती. मास्कच्या आत डोळ्यांत पाणी आलं.

ओढायची नाही, गाळ धरून ठेवतो आणि गळा मोडतो. हातानं पाणी हलवून आजूबाजूचा गाळ उडवायचा, बाटली डावी-उजवी हलवत सैल करायची आणि मग उचलायची. कांद्याची जाळीदार गोणी घेऊन गेलो होतो, त्यात एकेक ठेवत गेलो. दोन दिवसांत १४ बाटल्या वर आल्या, त्यातल्या ११ अखंड, आतल्या गोळीसकट.

वर आणल्यावर लगेच उन्हात ठेवायच्या नाहीत आणि कोमट पाणीसुद्धा घालायचं नाही, जुनी काच तडकते. विहिरीच्याच पाण्यात बादलीत दोन दिवस ठेवल्या, मऊ ब्रशनं गाळ काढला, पांढरा चुन्याचा थर व्हिनेगरनं सोडवला आणि सावलीत वाळवल्या. वाळल्यावर काहींवर मोरपंखी झाक आली, ती घाण नाही, पाण्यानं काचेतला क्षार शोषून घेतल्यावर वर जो पातळ थर राहतो त्याचा रंग आहे, तो घासायचा नाही. काच हिरवट-निळसर आहे ती वाळूतल्या लोखंडामुळं. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट केली. बनवताना गोळी आधी आत टाकतात आणि मग तोंड घडवतात, म्हणून बाटली न फोडता गोळी बाहेर निघत नाही. सोडा बाटली उलटी धरून भरायचा, गॅसच्या दाबानं गोळी गळ्यातल्या रबरी वायसरला घट्ट बसते आणि तेच बूच. एका बाटलीवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत जालना एवढंच वाचता येतं, मालकाचं नाव झिजलंय. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज सुरू झाली तेव्हापासून जालना स्टेशनवर काय काय माल उतरायचा, त्यात ह्या बाटल्याही असतील असं मला वाटतं. काच कुठली ते त्यावर लिहिलेलं नाही. आपल्याकडं तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ चा, कंदिलांसाठी ओगल्यांचं नाव घरोघरी होतं, पण आमच्या बाटल्या तिथल्याच असं मी म्हणणार नाही.

सगळ्या धुऊन झाल्यावर एक आबांच्या हातात दिली. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, अंगठ्यानं खळगे चाचपत राहिले. मग बाटली उलटी केली, गोळी गळ्याकडं आली, सरळ केली, गोळी टण्ण वाजून खाली बसली. माझ्या लेकीला जवळ बोलावलं, ती चौथीत आहे. बाटलीत अर्धं पाणी भरायला लावलं आणि म्हणाले, ओत बरं. तिनं ओतलं तर गोळी घरंगळत येऊन तोंडात बसली आणि पाणी थांबलं. आबांनी तिच्या हातातली बाटली अर्धी फिरवली, खळगे खालच्या अंगाला केले, आणि म्हणाले आता ओत. गोळी खळग्यात अडकून राहिली, पाणी धार धरून पेल्यात पडलं.

"माझ्या बापानं मला असंच शिकवलं होतं," म्हणाले, "गिऱ्हाइकाचा पेला भरताना."

मग दुसऱ्या खोक्याचं विचारायला लागले. ते अजून खाली आहे, पट्टीचं टोक मला लागलंय, पण त्याच्यावर कडेचा एक दगड निसटून पडलाय. सर पुढच्या फेब्रुवारीत येतो म्हणालेत.